बावीस झाडं, सतरा नावं

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या लँड पार्क भागात तुम्ही जुनं घर घेतलंत आणि घराबरोबर २२ कॅमेलिया (थंडीत फुलणारी, सदाहरित फुलझाडं) पदरात पडल्या. ज्या आजींनी त्या लावल्या त्या आता नाहीत. त्यांच्या नातीनं वहीचं एक पान दिलं, त्यावर १७ नावं आहेत, पण कुठलं नाव कुठल्या झाडाचं ते लिहिलेलं नाही. झाडांवरच्या पाट्या ऊनपावसात पुसून गेल्यात. त्यात गेल्या हिवाळ्यात एका झाडाच्या कळ्या न उमलताच गळाल्या, एकाच्या पानांवर पिवळे डाग आहेत, ११ व्या झाडाला फिकी गुलाबी फुलं येतात पण एकाच फांदीला गडद, आणि गवत कापायला येणारा माणूस सप्टेंबरात 'सगळी कंबरेइतकी छाटून देतो' म्हणतोय. त्याला आधी थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही मला 'काका' लिहिलंत, म्हणजे वयाचा अंदाज बरोबर आहे. मी मूळचा कोकणातला, आंब्याची कलमं बांधत वाढलो. गेली २६ वर्षं इथल्या जुन्या बागांमधल्या कॅमेलिया छाटतो, बांधतो, ओळखतो. ओळखतो म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा 'सांगता येत नाही' असंच म्हणतो.

पहिलं काम. या वर्षी एकाही झाडाला नाव लावायचं नाही, आकडा लावायचा. १ ते २२, तुमच्या पत्रातलेच. ॲल्युमिनियमच्या मऊ पट्ट्या मिळतात, त्यावर संपलेल्या बॉलपेननं दाबून आकडा उमटवा आणि सैल तारेनं एखाद्या बाजूच्या फांदीला अडकवा. खोडाला नको. खोड जाड होत जातं, तार रुतते, आणि वरचं सगळं झाड एका उन्हाळ्यात वाळून जातं तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. नावं वहीत लिहा, तीही पेन्सिलीनं.

हा कंटाळवाणा सल्ला का देतोय, तर मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी एका बागेत गुलाबी, गच्च भरलेल्या फुलांचं एक सुंदर झाड पाहिलं आणि ते 'डेब्यूटंट' आहे असं ठरवून टाकलं. पाटी केली. उत्साहात त्याची ११ गुटी कलमं बांधली आणि ओळखीच्यांना वाटली, प्रत्येकाला पाटीसकट. बऱ्याच वर्षांनी मार्चमधल्या प्रदर्शनात त्याचं फूल घेऊन गेलो. टेबलामागच्या एका म्हाताऱ्या बाईंनी ते हातात घेऊन उलटं केलं, मागून पाहिलं आणि विचारलं, "हे पहिलं फूल कधी देतं?" मी म्हटलं, फेब्रुवारीच्या शेवटी. त्या फक्त हसल्या. 'डेब्यूटंट' लवकर फुलणारी जात आहे, इथे बहुतेक वर्षी नाताळच्या आसपास तिची फुलं दिसायला लागतात. माझं झाड दुसरंच काहीतरी होतं. ते काय होतं हे मला आजही कळलेलं नाही, आणि ११ घरांत माझ्या हातची चुकीची पाटी लटकते आहे.

आता २२ आणि १७ चा हिशेब. त्या वरच्या पाचांचा फार शोध घेऊ नका. एक शक्यता अशी की आजींनी एकाच जातीची दोन-तीन झाडं लावली असतील. दुसरी शक्यता तुम्हाला आंब्यावरून लगेच कळेल. हापूसची कोय रुजली तर येणारं झाड हापूस नसतं, ते रायवळ. कॅमेलियाचंही तसंच. जॅपोनिकाला, म्हणजे बागेतल्या नेहमीच्या कॅमेलियाला, छोट्या सफरचंदासारखं हिरवट-तांबूस फळ धरतं, ते पावसाळ्यापूर्वी (इथल्या पावसाळ्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात) तडकतं आणि काळ्या-तपकिरी टणक बिया खाली पडतात. जुन्या झाडाखाली पालापाचोळ्यात त्यातल्या काही रुजतात. कुणीतरी ते रोप उचलून कुंपणाशी लावतं आणि ३० वर्षांनी ते १० फुटी झाड होऊन उभं राहतं. त्याला नाव नाहीच. जगभर नोंदलेल्या जातींची संख्या हजारोंत आहे, आणि तुमच्या कुंपणाशी असलेल्या रायवळचं त्यात काहीच नाही, कितीही पुस्तकं चाळा. फूल आवडलं तर झाड ठेवा, घरच्या मुलीचं नाव द्या, बिघडत नाही.

यादीतही एक गंमत आहे, तुमच्या लक्षात आली नसेल. तुम्ही पाठवलेल्या १७ नावांत 'हर्मी' आहे आणि 'जॉर्डन्स प्राइड'ही आहे. ही दोन्ही एकाच जपानी जातीची नावं, मूळ नाव 'हिकारुगेन्जी'. गुलाबी पाकळी, तिला पांढरी कड, आणि मधूनच गडद गुलाबी रेघा. जपानातून युरोप-अमेरिकेत गेलेल्या कितीतरी जातींना प्रत्येक रोपवाटिकेनं आपापलं नाव लावलं. हा गोंधळ निस्तरायला ऑस्ट्रेलियाच्या टॉम सॅव्हिज यांनी आंतरराष्ट्रीय कॅमेलिया नोंदवही तयार केली, ती १९९३ साली छापली गेली. आज ती इंटरनेटवर चाळता येते. तेव्हा तुमच्याकडे प्रत्यक्षात १६ जातींची नावं आहेत.

आता ओळख. लोक फुलाच्या रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. रंग शेवटी बघायचा. आधी झाड कुठल्या घराण्यातलं (जॅपोनिका, सासांक्वा, रेटिक्युलाटा की विल्यमसी संकर) ते ठरवा. त्याला तीन गोष्टी पुरतात: फूल कधी येतं, कसं पडतं, आणि पान कसं आहे.

महिने लक्षात ठेवायला आपले सण बरे पडतात, मी तसंच शिकलो. दसरा-दिवाळीला जे फुलतं ते सासांक्वा किंवा तिच्या जवळचं. तुमच्या यादीतली 'शिशिगाशिरा' आणि 'सेत्सुगेक्का' तेव्हाच फुलायला लागतील. नाताळच्या सुमाराला एकेरी लालभडक पाकळ्या आणि मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका दिसला, पान लहान असलं, तर ते 'यूलटाइड'. त्याच्याबद्दल मी इथे बसून पैज लावायला तयार आहे. संक्रांतीपासून होळीपर्यंत जॅपोनिकांचा मुख्य बहर. आणि होळीच्या आगेमागे, बाकीची झाडं थकायला लागली की, ताटलीएवढी फुलं घेऊन रेटिक्युलाटा येते. तुमच्या यादीतली 'क्रिमसन रोब' ती. चीनच्या युन्नान प्रांतातल्या बागांतून या जाती १९४८ साली कॅलिफोर्नियात आल्या, त्याआधी इकडच्या लोकांनी रेटिक्युलाटाची ही श्रीमंती पाहिलेलीच नव्हती.

मग सकाळी चहा घेऊन झाडाखाली जा आणि जमिनीकडे बघा. पाकळ्या सुट्या होऊन गुलाबी सडा पडला असेल तर सासांक्वा. काटेसावरीचं फूल जसं अख्खंच्या अख्खं धप्पकन पडतं तसं फूल पडलं असेल तर जॅपोनिका किंवा तिचा संकर. आणि फुलं वाळून तपकिरी झाली तरी फांदीलाच धरून बसली असतील तर जुन्या जॅपोनिकांपैकी एखादी चिवट जात. विल्यमसी संकर (तुमच्या यादीतलं 'डोनेशन') या बाबतीत शहाणे: जुनं फूल स्वतःहून टाकून देतात, झाड स्वच्छ राहतं. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या केअरहेज वाड्यात जे. सी. विल्यम्स यांनी युन्नानमधल्या सॅल्युएनेन्सिस या कॅमेलियाचा जॅपोनिकाशी संकर केला, त्या घराण्याचं हे नाव.

पानाचं सोपं आहे. जॅपोनिकाचं पान जाड, चकचकीत, तेल लावल्यासारखं, बोटभर लांब. सासांक्वाचं त्याच्या निम्मं, आणि कोवळ्या फांदीवरून बोट फिरवलं की बारीक लव लागते. रेटिक्युलाटाचं पान मोठं पण निस्तेज, वरच्या बाजूला शिरांची जाळी खोल उमटलेली. उन्हाकडे धरलं की जाळी आणखी स्पष्ट होते. झाडही विरळ, लांबलांब फांद्यांचं, जॅपोनिकासारखं गच्च नाही. तुमच्या एखाद्या झाडाच्या पानांचं टोक माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं असेल तर मला लगेच कळवा. ती जपानची 'किंग्यो-त्सुबाकी', म्हणजे गोल्डफिश कॅमेलिया. यादीत नाही, पण यादीत नसलेलं बागेत असतंच.

अजून खात्री हवी असेल तर एक फूल फोडा. मी हे भिंगाखाली करतो, तुम्ही फोनच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघा. एकेरी किंवा सेमी-डबल (मधे पुंकेसर उघडे दिसणारं) फूल घ्या, पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी हळूच ओढून काढा. मधे मिरीच्या दाण्याएवढा हिरवा अंडाशय उरतो. तो गुळगुळीत, चकचकीत असेल तर जॅपोनिका. त्यावर पांढुरकी रेशमी लव असेल तर सासांक्वा, रेटिक्युलाटा किंवा विल्यमसी. पहिल्यांदा पाहाल तेव्हा लव दिसणार नाही. फूल तिरकं धरा, उजेड बाजूनं येऊ द्या, मग चमकते. गच्च भरलेल्या फुलांत हे सापडत नाही, कारण तिथे पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात.

जाता जाता: १९ व्या झाडाबद्दल तुम्ही लिहिलंय, ऑक्टोबरात बोराएवढ्या कळ्या, छोटी पांढरी फुलं, सगळी खाली मान घातलेली. फोटो पाहून मी खुर्चीत सरळ बसलो. देठ लांब, पान लांबट आणि करवती कडेचं. ते बहुतेक चहाचं झाड आहे. होय, आपला चहा. कॅमेलिया सायनेन्सिस. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली कॅमेलियाला मनिलातल्या गेओर्ग कामेल नावाच्या जेझुइट धर्मबंधूच्या (ब्रदरच्या) नावावरून नाव दिलं आणि चहाला त्याच ग्रंथात वेगळ्या 'थिया' गटात घातलं. पुढे दोघांना एकत्र आणावं लागलं. एप्रिलमध्ये दोन पानं आणि एक कळी खुडून गरम पाण्यात टाकून बघा. आपल्या चहाची सर येणार नाही, पण पाहुण्यांना सांगायला बरं.

घराणी लागली की मग फुलाचा घाट. इथे सहा प्रकार मानतात: एकेरी, सेमी-डबल, ॲनिमोन, पिओनी, रोज-फॉर्म डबल आणि फॉर्मल डबल. शब्दांना घाबरू नका. मधे पुंकेसर उघडे दिसतात का, हा पहिला प्रश्न. दिसत असले आणि पाकळ्यांची एकच रांग असली तर एकेरी, दोन-तीन रांगा असल्या तर सेमी-डबल. बाहेर पाकळ्यांची ताटली आणि मधे लहान पाकळ्यांचा घुमट, डबल जास्वंदीच्या मधल्या गोळ्यासारखा, तर ॲनिमोन. सगळाच विस्कटलेला गोळा तर पिओनी. पाकळ्या कौलांसारख्या एकीवर एक रचलेल्या, मधे टोकदार कळी, पुंकेसरांचा पत्ता नाही, तर फॉर्मल डबल. रोज-फॉर्म तसंच दिसतं, पण पूर्ण उमललं की शेवटी पुंकेसर दाखवतं. म्हणून एकदाच पाहून ठरवू नका.

तुमच्या यादीत पांढऱ्या फॉर्मल डबल दोन आहेत, 'अल्बा प्लेना' आणि 'नुच्चोज जेम'. पहिली चीनमधली फार जुनी, १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी जहाजातून इंग्लंडला पोचलेली. दुसरी इथलीच, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आल्टाडीनाच्या नुच्चो कुटुंबाच्या रोपवाटिकेतली, १९७० सालची. फोटोत दोन्ही सारख्याच. हातात घेऊन वरून बघा. 'जेम'च्या पाकळ्या मधल्या टोकापासून गोल फिरत बाहेर येतात, चकलीच्या वेढ्यासारख्या, कधीकधी नजरेला अगदी स्पष्ट चक्र दिसतं. 'अल्बा प्लेना'त तसा वेढा नसतो, पाकळ्या नीट एकाआड एक बसलेल्या, आणि ती खूपच लवकर, कधी दिवाळीतच सुरू होते. तुमच्या ४ आणि १६ क्रमांकाच्या झाडांपैकी जे आधी फुलेल त्याच्यासमोर 'अल्बा प्लेना?' लिहा, प्रश्नचिन्हासकट.

आता ते ११ वं झाड. मला या सगळ्यात त्याचंच सर्वांत जास्त कौतुक आहे. फिकी गुलाबी फुलं, ॲनिमोन घाट, आणि एका फांदीला तसाच घाट पण रंग गडद गुलाबी, मधल्या पाकळ्यांवर पांढरे ठिपके. तुमच्या यादीत 'सी. एम. विल्सन' आहे. ही जात बीपासून आलेली नाही. लंडनच्या व्हॉक्सहॉलमधल्या चँडलर यांच्या रोपवाटिकेत १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात 'एलेगन्स' नावाची गडद गुलाबी ॲनिमोन जात तयार झाली. तिच्या एका झाडावर अमेरिकेत एक फांदी अचानक फिकी गुलाबी फुलली. तिचं कलम केलं, ती 'सी. एम. विल्सन'. पुढे 'विल्सन'वर एक फांदी जवळजवळ पांढरी निघाली, ती 'शिरो चान'. पेशींमध्ये आपोआप होणाऱ्या अशा बदलाला इथे स्पोर्ट म्हणतात. बदल जसा पुढे जातो तसा उलटाही फिरतो. तुमची फांदी बहुधा आईकडे परतली आहे, ती 'एलेगन्स' झालीय.

तिचं करायचं काय? 'विल्सन' टिकवायची असेल तर ती फांदी बुडापासून काढावी लागेल, कारण अशी फांदी बहुतेक वेळा जास्त जोमदार असते आणि १०-१५ वर्षांत झाड गिळून टाकते. पण काढण्याआधी तिच्यावर गुटी कलम बांधा, दोन्ही हाती राहतील. एप्रिलच्या शेवटी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवर इंचभर रुंद सालीचं कडं काढा, आतला हिरवा चिकट थर चाकूच्या पाठीनं खरवडून टाका (हा राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मूळ फुटत नाही), मुळं फुटायची पावडर वरच्या कडेला लावा, ओलं पण पिळून घेतलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) मूठभर बांधा, वर प्लास्टिक, त्यावर उन्हाच्या तापासाठी चंदेरी फॉइल. सप्टेंबरात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की खाली कापा. गावाला चिकूचं बांधतात तसंच, फक्त इथे पाऊस नसतो म्हणून मॉस वाळत नाहीये ना हे महिन्यातून एकदा दाबून बघायचं.

'क्रिमसन रोब'च्या बाबतीत मात्र उलटी सावधगिरी. रेटिक्युलाटा फांदीवरून सहज मुळं धरत नाही म्हणून ती खुंटावर पाचर कलम करून वाढवतात, आणि खुंट पुष्कळदा सासांक्वाचा असतो. जमिनीजवळून लहान पानांचे धुमारे आले, त्यांना दिवाळीत साधी एकेरी फुलं आली, तर तो खुंट बोलतोय. धुमारे कापू नका, बोटानं ओढून मुळापासून उपटा. मी अशा दोन बागा पाहिल्यात जिथे मालक म्हणतात 'आमच्या रेटिक्युलाटानं जात बदलली'. कलम कधीच मेलेलं असतं, खुंट उरलेला असतो.

फोटो पाठवताना एकच फूल पाठवू नका. एकाच झाडावर एकाच आठवड्यात सेमी-डबल आणि पिओनी अशी दोन्ही फुलं मिळतात. बहराच्या मधल्या काळातली तीन फुलं, समोरून, बाजूनं, मागून, न उमललेली कळी, पान दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी. सावलीत, राखाडी कापडावर. दुपारच्या उन्हात फोन लाल रंगाचं काय करतो ते तुम्हाला माहीतच आहे.

आता निगा. कळ्या गळण्याचं उत्तर हिवाळ्यात नाही, ऑगस्टमध्ये आहे. जॅपोनिका त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर जून-जुलैत कळ्या धरते आणि मग सहा महिने त्या पोटाशी बाळगते. इथे तोवर पारा ४० च्या पुढे जाऊन आलेला असतो. त्या दिवसांत मुळांशी एक-दोनदा कोरड पडली तर झाड तेव्हा काही दाखवत नाही. डिसेंबरात कळीचा देठ तुटतो. तुमचं ८ क्रमांकाचं झाड हिरवळीपासून दूर, कोपऱ्यात आहे, म्हणजे त्याला फवाऱ्याचं पाणी पोचत नाही. लांब पेचकस घ्या आणि झाडाच्या घेरात जमिनीत खुपसा. चार-पाच इंच सहज गेला आणि वर काढल्यावर माती किंचित चिकटली तर वाफसा आहे, पाणी नको. दोन इंचांवर अडला तर द्या, आणि सावकाश द्या, इथली चिकण माती पाणी पटकन पीत नाही. खोडाशी नाही, फांद्यांचा घेर संपतो तिथे. उलट पाणी साचलं तर मूळकूज होते, आणि त्या बुरशीला औषध नाही, निचरा हाच उपाय. एकाच जागी तीन-तीन कळ्या असतील तर झाड स्वतःच काही टाकतं, ती गळ वेगळी, तिच्याकडे दुर्लक्ष करा. 'पिंक पर्फेक्शन' तर लहरीच, थंडी-ऊन अचानक बदललं की कळ्या अर्धवट उघडून टाकते. ती तुमची चूक नाही.

पानांवरचे पिवळे डाग: फोटोत ते कसेही सांडल्यासारखे आहेत, काही फांद्यांवर आहेत, काहींवर नाहीत, बाकीचं पान गडद हिरवं आहे. हा विषाणू आहे. झाडाला फारसा त्रास नाही, आणि औषधही नाही. गंमत म्हणजे फुलांवर पांढरे शिंतोडे यावेत म्हणून जुने बागवान मुद्दाम विषाणू असलेल्या खुंटावर कलम करत. जातीच्या नावापुढे 'व्हेरिगेटेड' लिहिलेलं असतं त्यामागे पुष्कळदा हेच असतं. झाड ठेवा, पण त्याची कलमं वाटू नका आणि कात्री दुसऱ्या झाडाला लावण्याआधी स्पिरिटनं पुसा. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं असतं तर वेगळी गोष्ट: मातीचा सामू (पीएच) चढलेला असतो. कॅमेलियाला ५.५ ते ६.५ मानवतो. घराच्या सिमेंटच्या पायाला खेटून असलेल्या झाडांना हा त्रास नेहमी होतो, चुना झिरपत राहतो. तिथे गंधक आणि चिलेटेड (झाडाला सहज शोषता येणारं) लोह. आणि डाग फक्त पश्चिमेकडच्या पानांवर, मधोमध भाजल्यासारखे असतील तर ते ऊन.

खताचा हात आखडता ठेवा. जुन्या झाडांना उपासमारीनं मेलेलं मी पाहिलं नाही, खतानं मेलेलं पाहिलंय. फुलं संपली की एप्रिलमध्ये एकदा, जूनच्या सुरुवातीला एकदा, डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्मं. जुलैनंतर काही नाही. जुने लोक इथे सरकीची पेंड घालतात, तीच आपली, गुरांना घालायची. ती मला सगळ्यांत आवडते, कारण सावकाश लागू पडते. तुम्ही विचारलंत, घरचा चहाचा चोथा चालेल का. भाऊबंदच तो, चालेल, पण दूध-साखरेचा चहा असेल तर चोथा आधी धुवा, नाहीतर मुंग्या येतात. आणि मुंग्या आल्या की त्यांच्या राखणीत मावा आणि खवले कीड वाढते, पानावर काजळी धरते. काजळी पुसत बसू नका, मुंग्यांची वाट तोडा आणि खवल्यांवर बागेचं तेल फवारा, ऐन उन्हाळ्यात मात्र नको.

मुळं वरवर असतात, म्हणून झाडाखाली खुरपणी-कुदळणी बंद. पाइनच्या काड्या किंवा सालीचे तुकडे दोन-तीन इंच पसरा, खोडापासून हातभर मोकळं सोडून. वर्षानुवर्षं भर घालून खोडाचा बुंधा गाडला गेला असेल तर हातानं माती उकरून तो उघडा करा. २२ झाडांपैकी तीन-चारांचं दुखणं तरी तिथेच निघेल.

छाटणीबद्दल त्या माणसाला मी का थांबवायला सांगितलं ते आता कळलं असेल. सप्टेंबरात यंत्र फिरवलं तर पुढच्या बहरातली जवळपास सगळी फुलं कचऱ्याच्या पिशवीत जातात. छाटायचं ते शेवटचं फूल गळून नवी फूट निघण्याच्या मधे, साधारण मार्चअखेर ते एप्रिल. कुठे कापायचं ते कळीवरून बघा: गोल, फुगीर ती फुलाची, तिच्या शेजारची बारीक टोकदार ती पानाची. टोकदार कळीच्या किंचित वर कापा. वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या काटक्या आधी काढा. उन्हाचे कवडसे झाडाच्या पोटात जमिनीपर्यंत पडायला लागले की थांबा. फार उंच गेलेली जुनी जॅपोनिका अर्ध्यावर आणली तरी फुटते, पण तीन वर्षांत, थोडी थोडी, आणि उघडं पडलेलं खोड पहिल्या उन्हाळ्यात गोणपाटानं झाकून.

एकच आजार मी खरोखर मनावर घेतो, तो पाकळ्यांचा करपा. फूल ओलसर तपकिरी होतं, शिरांचा रंग बाकी पाकळीपेक्षा गडद दिसतो. तपकिरी तर थंडीनंही होतं. फरक असा बघा: फूल उलटं करा, बुडाची हिरवी निदलं सोलून काढा. पाकळ्यांच्या मुळाशी राखाडी-पांढरं कडं दिसलं तर करपा. हा आजार जपानात १९१९ साली नोंदला गेला आणि १९३८ साली कॅलिफोर्नियात दिसला. पडलेल्या फुलाच्या बुडाशी काळा टणक खडा तयार होतो, तो मातीत काही वर्षं जिवंत राहतो, आणि फेब्रुवारीच्या पावसात त्याच्यावर छोटी तपकिरी वाटीसारखी भूछत्रं उगवून बीजाणू हवेत सोडतात. पानाला, खोडाला काही होत नाही. बीजाणू फेब्रुवारीत उडतात, म्हणूनच दिवाळीत फुलणाऱ्या सासांक्वा बहुधा वाचतात. उपाय कंटाळवाणा आहे: रोज पडलेली फुलं गोळा करून कचऱ्यात टाकायची, खताच्या ढिगात नाही. मार्चअखेर वरचं जुनं आच्छादन काढून नवं पसरा. शेजाऱ्यांकडून बीजाणू उडत येणारच, तरी प्रमाण कमी होतं.

इथे १८५२ पासून कॅमेलिया लावतात आणि १९२४ पासून दर वर्षी त्यांचं प्रदर्शन भरतं, त्यामुळे तुमच्या गावात माझ्यापेक्षा जास्त जाणणारी माणसं आहेत, बहुतेक ऐंशीच्या घरातली. मार्चच्या प्रदर्शनाला या. फुलं आदल्या संध्याकाळी खुडा, प्रत्येकाला दोन पानं राहू द्या, अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये किंवा स्टीलच्या मोठ्या डब्यात ओल्या कागदावर ठेवा, पाकळीला बोट लागू देऊ नका, आणि देठाला आकड्याची चिठ्ठी बांधा. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. ११ नंबरची दोन्ही रंगांची आणा, ती मलाच बघायची आहेत.